स्टेट ऑफ प्ले बघून भांडणाऱ्यांसाठी, एका जुन्या पेपरवाल्याकडून

प्रश्न असा आलाय की बीबीसीची २००३ सालची ‘स्टेट ऑफ प्ले’ ही सहा भागांची मालिका बघून झाली, मग लोकांची मतं वाचायला घेतली तर डोकं गरगरलं. अर्धे म्हणतात ब्रिटिश टीव्हीवर याहून भारी थ्रिलर झालीच नाही, उरलेले म्हणतात शेवट ओढूनताणून आणलाय, हिरो डोक्यात जातो, सहा तास नुसते फोन चालूयेत आणि खऱ्या आयुष्यात पत्रकार असलं काही करत नसतात. तर पेपरात काम केलेल्या कुणीतरी सांगा, यातलं खरं किती आणि फेकाफेकी किती.

सांगतो. मी २७ वर्षं मराठी दैनिकात काढलीत, सुरुवातीला क्राइम, मग महापालिका, आणि नंतरची सगळी वर्षं डेस्कवर, म्हणजे रात्री पान सोडायचं, धावत शेवटची लोकल पकडायची आणि सकाळी घरात कुणी विचारलं काल काय विशेष, तर म्हणायचं पेपर वाचा. ही मालिका मी तीनदा बघितलीये. पहिल्यांदा एका मित्राने लंडनहून आणलेल्या डीव्हीडीवर, दुसऱ्यांदा आमच्याकडे नव्याने लागलेल्या पोरांना दाखवायला म्हणून, आणि तिसऱ्यांदा आत्ता, हा प्रश्न वाचल्यावर. माझं म्हणणं असं आहे की लोकांना जे जे फेकाफेकी वाटतं ते बऱ्यापैकी खरं आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल कुणीच तक्रार करत नाही ती या मालिकेतली सगळ्यात मोठी थाप आहे. थाप कुठली ते ओघात येईल.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी कथा, शेवट न फोडता. लंडनमध्ये एकाच सकाळी दोन माणसं मरतात. एक केल्विन स्टॅग नावाचा पोरगा, रस्त्यातून जीव घेऊन पळत असतो आणि गोळी लागून मरतो, सगळे म्हणतात ड्रग्जची भानगड असणार. दुसरी सोनिया बेकर, स्टीफन कॉलिन्स नावाच्या खासदाराची रिसर्चर, ती भुयारी रेल्वेखाली येते. कॉलिन्स म्हणजे पक्षातला उगवता तारा, संसदेच्या ऊर्जा समितीचा अध्यक्ष, आणि सोनियाच्या बातमीने चारचौघांत कोसळतो, मग व्हायचं तेच होतं, लफडं उघड. ‘द हेरल्ड’ नावाच्या पेपराचा रिपोर्टर कॅल मॅकॅफ्री हा या कॉलिन्सचा जुना दोस्त, त्याची निवडणूक कॅलनेच सांभाळलेली. आणि पेपरच्या लोकांना हळूहळू कळतं की पोरगा आणि रिसर्चर ही दोन मढी एकमेकांना जोडलेली आहेत, मध्ये एक चोरलेली ब्रीफकेस आहे, आणि त्याच्या मागे तेल कंपनी आहे. पॉल अ‍ॅबटने लिहिलीये, डेव्हिड येट्सने दिग्दर्शन केलंय, कॅल म्हणजे जॉन सिम, कॉलिन्स म्हणजे डेव्हिड मॉरिसी.

आता पहिली तक्रार, की पत्रकार पोलिसांपासून पुरावा लपवतात, हॉटेलच्या खोलीत छुपे कॅमेरे लावतात, असं कुठे असतं का. अहो असतंच. सगळीकडे नाही, रोज नाही, पण असतं, आणि ब्रिटनमध्ये तर याचं फार गमतीशीर उदाहरण आहे. जोनाथन एटकन नावाचे मंत्री होते, त्यांचं पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातलं बिल कुणी भरलं याच्या मागे ‘द गार्डियन’ लागला होता. बिलाची कॉपी हातात यावी म्हणून गार्डियनने काय केलं, तर पार्लमेंटच्या लेटरहेडसारखा कागद बनवून, जणू मंत्र्यांच्या ऑफिसातूनच मागणी आलीये असा फॅक्स हॉटेलला पाठवला. १९९४ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा संसदेत मंत्र्यापेक्षा संपादकावरच जास्त आरडाओरडा झाला, त्या संपादकाला, पीटर प्रेस्टन यांना, प्रेस कम्प्लेंट्स कमिशनमधून, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेतून, बाहेर पडावं लागलं. पुढे एटकन यांनीच पेपरावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, कोर्टात खोटं बोलले, तो दावा कोसळला आणि १९९९ मध्ये खोट्या साक्षीबद्दल मंत्रिमहोदय १८ महिन्यांच्या शिक्षेवर आत गेले. म्हणजे फॅक्स खोटा होता आणि बातमी खरी होती. हे एखाद्या मालिकेत दाखवलं असतं तर खाली लोकांनी लिहिलं असतं, काहीही दाखवतात.

पोलिसांचं म्हणाल तर तिथे कायद्याची बैठक वेगळी आहे, ती माहीत नसेल तर कॅल आणि त्याचे लोक नुसते उद्धट वाटतात. १९८४ च्या पोलीस कायद्याप्रमाणे पत्रकाराकडची सामग्री पोलिसांना उचलून नेता येत नाही, न्यायाधीशाकडे जाऊन आदेश आणावा लागतो. सोर्सचं नाव सांगायला कोर्टही सहजी भाग पाडू शकत नाही, १९८१ च्या कोर्ट अवमान कायद्याचं कलम १० तेच म्हणतं, अर्थात न्यायाच्या दृष्टीने गरज, राष्ट्रीय सुरक्षा, गुन्हा रोखणं असे अपवाद त्यात आहेतच आणि ते अपवाद चांगले ऐसपैस आहेत. म्हणून मालिकेत या खुनांचा तपास करणारा इन्स्पेक्टर बेल पेपरच्या ऑफिसात येऊन दात-ओठ खातो पण ड्रॉवर उघडत नाही. आपल्याकडे प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात कलम १५ मध्ये सोर्सला संरक्षण आहे खरं, पण ते फक्त कौन्सिलसमोरच्या सुनावणीपुरतं, पोलीस ठाण्यात ते कलम दाखवलंत तर हवालदार आधी चहा मागवेल आणि मग हसेल.

आणि बेल आणि डेलाची जी देवाणघेवाण आहे ना, ती बघताना मला माझी क्राइमची वर्षं आठवली. डेला स्मिथ म्हणजे केली मॅकडोनल्ड, तरुण रिपोर्टर, पोलिसांशी ओळखी आहेत, थोडं देते थोडं घेते. क्राइम बीट असंच चालतं. पोलीस स्टेशनला रोज संध्याकाळी चक्कर मारायची, डायरीत काय आलंय बघायचं, साहेब म्हणणार आज काही नाही, मग तुम्ही सहज म्हणायचं काल त्या नाक्यावर अमुक दिसला होता, आणि साहेबांचा चेहरा बघायचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं की समजायचं काहीतरी आहे. तोंडाने कुणी कधी काही सांगत नाही, पेन खाली ठेवण्यावर मी निदान तीन लीड बातम्या काढल्या असतील.

दुसरी तक्रार, हिरो डोक्यात जातो. कॅल मित्राला घरात आसरा देतो, त्याच्याकडून माहिती काढतो, त्याच्याच बायकोत गुंततो, आणि हे सगळं चालू असताना त्याच्याचबद्दल बातमी लिहितो. बऱ्याच जणांनी लिहिलंय की असा माणूस आम्हाला आपला वाटत नाही, कशाला त्याच्या बाजूने बघायचं. बायकोचं प्रकरण मलाही अनावश्यक वाटतं, ते काम करणारी पॉली वॉकर चांगली नटी आहे पण तिच्या वाट्याला घालमेल सोडून फार काही आलेलं नाही. पण मित्राचं प्रकरण म्हणजे या मालिकेचा कणा आहे आणि ते इतकं खरं आहे की मला पहिल्यांदा बघताना मध्येच उठून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं होतं.

कारण माझाही एक कॉलिन्स आहे. नाव सांगणार नाही. हॉस्टेलला आम्ही एका खोलीत, पुढे तो राजकारणात गेला, मी पेपरात. त्याच्या पहिल्या महापालिका निवडणुकीचं पत्रक मी लिहून दिलं, प्रूफसुद्धा मीच तपासलं, निवडून आला तेव्हा गुलाल मलाही लागला. तेव्हा मी क्राइमला होतो, त्यामुळे वाटलं काय फरक पडतो. मग काही वर्षांनी मला महापालिका बीट मिळालं आणि एक दिवस पाण्याच्या टँकरच्या बिलांची चळत हातात आली. बिलांवर टँकरचे नंबर होते, मी सहज दोन नंबर आरटीओतल्या ओळखीच्या माणसाला दिले, त्याने संध्याकाळी फोन केला आणि खदाखदा हसायला लागला, म्हणाला तुमचा दहा हजार लिटरचा टँकर स्कूटर आहे. ठेकेदार कोण बघितलं तर माझ्या मित्राचा मेव्हणा.

रात्री पावणेअकराला ऑफिसात फोन आला. सव्वाअकराला पान सुटतं हे त्याला माहीत होतं, माझ्याकडूनच माहीत होतं. ओरडला नाही, धमकी नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, एक दिवस थांब, उद्या सकाळी मी स्वतः सगळे कागद आणून देतो, मेव्हण्याला मीच उघडा पाडतो, तुला पूर्ण बातमी मिळेल. आणि मी थांबलो. बातमी अर्धवट आहे, उद्या पक्की होऊन येईल, असं मी चीफ सबला, म्हणजे मुख्य उपसंपादकाला, सांगितलं आणि ते सांगताना मला ते खरंच वाटत होतं, हे महत्त्वाचं आहे. सकाळी दुसऱ्या पेपरात पान एकवर तीच बातमी, त्यात मित्राचा खुलासाही होता, की मी स्वतःच चौकशीची मागणी केली आहे. संपादक मला एक शब्द बोलले नाहीत. आठवड्याने बीट काढून घेतलं आणि डेस्कवर बसवलं, त्या खुर्चीतून मी पुढे निवृत्तच झालो.

म्हणून कॅलच्या तोंडावर ते जे भाव येतात, कॉलिन्स काहीतरी सांगतोय आणि कॅलला ऐकताना एका कानाने मित्र ऐकू येतोय आणि दुसऱ्या कानाने बातमी, त्याला कुणी अति म्हटलं की मला राग येतो. जॉन सिमने ते फार बारीक केलंय. मित्र बोलत असताना तो मान हलवतो ती मित्रासारखी, आणि डोळे स्थिर राहतात ते रिपोर्टरसारखे. कागद पक्का असेल तर शत्रूची बातमी कुणीही काढेल, आपल्या महाराष्ट्रात १९८१ मध्ये सिमेंटच्या कोट्यावरून इंडियन एक्सप्रेसने बातमी काढली आणि १९८२ च्या जानेवारीत अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले, तिथे कागद होते आणि पेपर मागे हटला नाही. पण समोरचा माणूस तुमच्या सोफ्यावर झोपत असेल तर कागद कितीही पक्का असला तरी हात जड होतो.

आता फोन. लोक म्हणतात सहा तास नुसते फोन आणि बडबड, ॲक्शन कुठेय. एक तर २००३ चा काळ आहे, जाडजूड मॉनिटर, टेबलावर लँडलाइन, मोबाइल हा फक्त बोलायला. आणि दुसरं म्हणजे बातमीचं काम हे ९० टक्के फोनच असतं, बाकीचे १० टक्के फोन उचलला जात नाही म्हणून दाराशी जाऊन उभं राहणं. या मालिकेने एक गोष्ट पकडलीये जी मी दुसरीकडे फारशी बघितली नाही, ती म्हणजे माहीत असणं आणि छापता येणं यातलं अंतर. कॅलच्या टीमला पहिल्या दोन-तीन भागांतच बरंच काही माहीत झालेलं असतं. पण एकच माणूस सांगतोय, दुसरा दुजोरा नाही, वकील म्हणतोय हे वाक्य जाणार नाही, संपादक म्हणतोय अजून एक आणा. प्रेक्षक वैतागतात की अरे छापा ना आता. बरोबर आहे, आम्हीही तसेच वैतागायचो.

त्यातला डोमिनिक फॉयचा प्रसंग तर मी पोरांना मुद्दाम दाखवायचो. फॉय म्हणजे सोनियाच्या ओळखीचा एक चकचकीत कपड्यातला पीआरवाला, मार्क वॉरनने केलाय, बघताना हसू येतं आणि कीवही येते. त्याला हॉटेलच्या खोलीत बसवतात, समोर कॅल, आणि शेजारच्या खोलीत बाकीची टीम छुप्या कॅमेऱ्यावर बघतीये. आता हे नैतिक आहे का वगैरे चर्चा बाजूला ठेवा आणि मुलाखत कशी घेतात ते बघा. कॅल त्याला जे विचारतो त्याचं उत्तर त्याला बरंचसं आधीच माहीत असतं. फॉय खोटं बोलतो, कॅल खोडून काढत नाही, बोलू देतो, मग गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात फॉय स्वतःच घाबरून पुढचं वाक्य टाकतो, मग ते सावरायला अजून एक. नवीन रिपोर्टरची सगळ्यात मोठी चूक हीच असते की समोरचा थांबला की हा लगेच पुढचा प्रश्न फेकतो. अरे थांब, त्याला थांबलेलं सहन होत नाहीये, तू कशाला मदत करतोस. आमच्या एका पोराने हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअरसमोर जाऊन नुसता गप्प बसला, इंजिनिअरही गप्प बसला, दोघांनी चहा घेतला आणि पोरगा परत आला. म्हणजे प्रश्न आधी विचारावा लागतो हे मी सांगायचं विसरलो होतो.

बिल नाय. याच्याबद्दल मात्र प्रेक्षकांचं एकमत आहे आणि मीही त्यात आहे. कॅमेरन फॉस्टर, हेरल्डचा संपादक. २००४ चं टीव्हीचं सर्वोत्तम अभिनेत्याचं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं मोठं पारितोषिक, त्याला याच भूमिकेसाठी मिळालं, त्याच वर्षी सिनेमातल्या सहायक भूमिकेचंही बाफ्टा त्यालाच. लोकांना त्याचे टोमणे आवडतात, मला त्याचं चालणं आवडतं. न्यूजरूममधून जाताना तो कुणाच्या टेबलाशी थांबत नाही पण सगळ्यांच्या स्क्रीनवर काय आहे ते त्याला कळलेलं असतं. असे संपादक मी दोन बघितले, दोघेही कधी ओरडले नाहीत, आणि दोघांच्या केबिनमधून बाहेर येताना माणसाची पाठ घामाने भिजलेली असायची. मालकांचा दबाव, सरकारचा दबाव, वकिलांचे फोन, हे सगळं तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि खाली रिपोर्टरला त्यातला चौथा हिस्साच कळू देतो, हे अगदी खरं आहे. त्यात तो फ्रीलान्सर पोरगा डॅन, जेम्स मॅकॲव्हॉयने केलाय, तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, तो संपादकाचाच मुलगा असतो आणि बाप-लेकाचं जमत नसतं, ते गमतीशीर आहे पण थोडं फिल्मीच. आमच्याकडे संपादकाचा मुलगा ऑफिसात आला तर पहिल्या दिवशी सगळे त्याला खुर्ची द्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासमोर बोलायचं बंद.

बरं, आता ती थाप. एका बातमीवर पाच-सहा लोक, आठवडेच्या आठवडे, दुसरं काही काम नाही. कॅल, डेला, त्यांचे सहकारी हेलन आणि पीट, वर डॅन, सगळे एका खोलीत बसून एकच गोष्ट खणतायत. अहो पेपर कोण काढतंय? हवामान कोण लावतंय, निधन वार्ता कोण घेतंय, क्रिकेटचा स्कोअर बदलला तर शेवटच्या आवृत्तीत कोण टाकतंय? खऱ्या ऑफिसात कॅल असा दोन दिवस एका मागे लागला असता तर तिसऱ्या दिवशी मुख्य वार्ताहराने त्याला पाणीकपातीच्या बैठकीला पाठवलं असतं. शोधपत्रकारिता मारायला मंत्र्याची गरज पडत नाही, ड्यूटी चार्ट पुरतो. आणि याबद्दल मी वाचलेल्या मतांमध्ये एकालाही शंका आलेली नाही, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं पेपर म्हणजे असंच असणार, दहा जण टेबलाभोवती उभे आणि मध्ये रहस्य. ब्रिटनच्या मोठ्या पेपरांकडे तेव्हा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती हे मान्य, पण इतकी मोकळी नक्कीच नव्हती.

एक गोष्ट मात्र परदेशी प्रेक्षकांच्या, म्हणजे आपल्या, लक्षात येत नाही, ती म्हणजे ही मालिका कुठल्या आठवड्यांत दाखवली गेली. बीबीसी वनवर १८ मे २००३ ला पहिला भाग, मग दर रविवारी एक, २२ जूनला शेवटचा. इराकचं युद्ध त्याच मार्चमध्ये सुरू झालेलं. आणि दोन भाग होऊन गेल्यावर, २९ मे च्या पहाटे, त्याच बीबीसीच्या रेडिओवर अँड्र्यू गिलिगन नावाच्या वार्ताहराने बातमी दिली की सरकारने इराकच्या शस्त्रांचा अहवाल भडक करून मांडला, इराक ४५ मिनिटांत शस्त्रं वापरू शकतो तो दावा वगैरे. सरकार खवळलं, सोर्स कोण याचा शोध सुरू झाला, आणि जुलैमध्ये डेव्हिड केली या शास्त्रज्ञाचं नाव बाहेर आलं आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. मग त्या मृत्यूची हटन चौकशी, जानेवारी २००४ मध्ये अहवाल, बीबीसीचे अध्यक्ष गेले, महासंचालक गेले, गिलिगनही गेला. म्हणजे घरात बसून लोक रविवारी रात्री बघतायत की सरकार आणि पेपर एकमेकांच्या नरडीला लागलेत, आणि सोमवारी सकाळी बातम्या लावल्या की तेच, फक्त पेपरच्या जागी ज्या चॅनेलवर मालिका बघितली ते चॅनेल. अ‍ॅबटने हे सगळं त्याच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. आता वीसेक वर्षांनी बघताना आपल्याला ती फक्त एक चांगली थ्रिलर वाटते, त्यामुळे तेव्हाच्या ब्रिटिश प्रेक्षकाचं कौतुक आपल्याला जरा जास्तच वाटू शकतं. ते जास्त नाहीये, त्यांच्या अंगावर ते ताजं होतं.

शेवटाबद्दल. फोडत नाही. तक्रार अशी आहे की पाच भाग मोठं कारस्थान उभं करायचं, कंपनी, मंत्री, पैसा, आणि सहाव्या भागात ते एकदम घरगुती होऊन जातं. मला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, हे कबूल. काही धागे खरंच लोंबकळत राहतात, तेल कंपनीचं पुढे काय होतं यावर मालिका फार घाईने हात झटकते, आणि मधल्या भागात एक-दोन योगायोग असे आहेत की मी कॉपी तपासत असतो तर बाजूला पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं असतं. पण दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं की शेवटाची तयारी पहिल्या भागापासूनच चालू होती, आपणच कारस्थानाच्या नादात माणसांकडे बघत नव्हतो. मी तर नव्हतोच बघत, आणि मला तर अनुभव होता.

२००९ चा अमेरिकन सिनेमा, नाव तेच, रसेल क्रो आणि बेन अ‍ॅफ्लेक. बरेच जण विचारतात की सहा तास कशाला, दोन तासांत तोच बघून टाकतो. बघा, वाईट नाहीये. लंडनचं वॉशिंग्टन केलंय, तेल कंपनीच्या जागी भाडोत्री सैनिक पुरवणारी कंपनी आणलीये, डेलाची ब्लॉगर केलीये आणि संपादक म्हणून हेलन मिरेन आहे. पण सहा तासांतला वेळ काढला की माहीत असणं आणि छापता येणं यातलं अंतरच निघून जातं, मग उरतो तो पाठलाग. एकच गोष्ट त्या सिनेमाची मला मालिकेपेक्षा आवडते, शेवटी नावं येतात तेव्हा छपाई दाखवलीये, प्लेट, कागदाचे रोल, मशीन, गठ्ठे, ट्रक. मशीन सुरू झालं की आमच्या ऑफिसची जमीन बारीक थरथरायची, टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल रेषा उमटायच्या, आणि मग कुणीही काहीही बदला म्हणालं तरी उपयोग नसायचा. तो सीन मी नुसता बघायला म्हणून चारदा लावलाय.

बघायची तर सबटायटल लावून बघा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, कारण केली मॅकडोनल्डचा ग्लासगोचा हेल आणि सगळ्यांचं एकदम बोलणं यात पहिल्या भागात अर्धी नावं निसटतात आणि मग तिसऱ्या भागात हा कोण म्हणत बसावं लागतं. एका बैठकीत सहाही भाग बघू नका, दोन-दोन करून तीन रात्री. दुसरा सिझन शोधत बसू नका, तो कधी आलाच नाही.

त्या मित्राशी माझं पुढे बोलणं सुरू झालं, वय झालं की होतंच. मध्यंतरी मी त्यालाही ही मालिका बघायला सांगितली. दोन भाग बघून त्याचा फोन आला, म्हणाला, तो खासदार बिचारा चांगला माणूस आहे रे, तुमचे पेपरवालेच त्याच्या मागे लागलेत.

मी म्हटलं, अजून चार आहेत, बघ.